पाळणाघरात बाळाला इजा झाली, तर कायदा कोणाला आणि किती शिक्षा करतो?

संध्याकाळी सातच्या सुमाराला अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन आई, बाबा आणि आजी असे तिघेही आले. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत. तक्रार आजींची होती. "डॉक्टर, पाळणाघरातून आणलं की हा झोपेतच असतो. दूधसुद्धा ओढत नाही. रविवारी मात्र ठणठणीत." तपासताना डाव्या कानाच्या मागे निळसर डाग दिसला, दुसरा लहान डाग पाठीवर. आई म्हणाली, "मावशी म्हणाल्या, पाळण्याच्या कठड्याला लागलं."

बाळाला आम्ही त्या रात्री निरीक्षणासाठी दाखल करून घेतले. निघताना बाबांनी विचारले, "यांचं लायसन्स रद्द करायला कुठे जायचं?"

प्रश्न साधा वाटतो, उत्तर तसे नाही. त्या पाळणाघराकडे रद्द करण्यासारखे लायसन्स नव्हतेच. भिंतीवर एक फ्रेम होती, ती गुमास्ता नोंदणीची. किराणा दुकानाला लागते तीच. (बाळाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

लहान मुलांच्या संगोपन केंद्रांबद्दल गेल्या काही वर्षांत कायद्यात बरेच बदल झाले. फौजदारी कायदा बदलला, बाल न्याय कायद्यात दुरुस्ती झाली, कामगार कायद्यांच्या जागी संहिता आल्या. बातम्यांमध्ये शिक्षेचे मोठमोठे आकडे येतात. पण बाळाला कडेवर घेऊन पोलीस ठाण्यात उभ्या राहिलेल्या आईबाबांच्या हाती यातले नेमके काय लागते, ते इथे पाहू. मी वकील नाही, बालरोगतज्ज्ञ आहे. पण अशा प्रकरणांत डॉक्टरचा कागद आणि कायद्याचे कलम एकमेकांत इतके गुंतलेले असतात की दोन्ही माहीत असल्याशिवाय चालत नाही.

परवाना नेमका कोणाला लागतो?

आपल्याकडे "मुलांची संस्था" या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

मुले जिथे राहतात, म्हणजे बालगृह, निरीक्षणगृह, खुले निवारागृह, दत्तक संस्था, तिथे नियम सर्वांत कडक आहेत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ नुसार अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, मग ती सरकारी असो वा खासगी, अनुदान घेणारी असो वा नसो. नोंदणी न करणाऱ्या संस्थाचालकाला कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अर्ज करण्यात झालेला प्रत्येक तीस दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा धरला जातो. या कलमात एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुलाला इजा झालेली असण्याची गरज नाही. नोंदणी नाही, एवढेच पुरेसे.

पण सकाळी नऊला सोडायचे आणि संध्याकाळी सातला आणायचे ते सोसायटीतले पाळणाघर या व्याख्येत बसत नाही.

दुसरा प्रकार प्ले-स्कूलचा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वगैरे त्यात आहे. पण ती तत्त्वे आहेत. ती मोडली म्हणून त्यांच्या बळावर कोणाला कैद होत नाही.

तिसरा प्रकार नोकरीच्या ठिकाणचे पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून मातृत्व लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, त्यातही ही तरतूद कायम आहे. फरक शिक्षेच्या पद्धतीत पडला. संहितेत खटला भरण्याआधी मालकाला चूक दुरुस्त करण्याची संधी द्यावी लागते. आणि इथे जबाबदारी मुख्यतः "पाळणाघर आहे की नाही" याची आहे. आतमध्ये एका बाईकडे किती तान्ही बाळे आहेत, हे पाहायला कोणी आलेले मी तरी अजून ऐकलेले नाही.

चौथा प्रकार म्हणजे आपले नेहमीचे खासगी पाळणाघर. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले, घराच्या हॉलमध्ये, दोन मावश्या. त्याला परवाना सक्तीचा करणारा, देशभर लागू असलेला एकही कायदा नाही. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर गंमतच आहे. ज्या वयात मूल बोलून सांगू शकत नाही, मान आणि डोके सर्वांत नाजूक असते, श्वास अडकला तर कूस बदलता येत नाही, नेमके त्याच वयासाठी नियम सर्वांत कमी.

मग शिक्षा होते ती कोणत्या कलमाखाली?

परवान्याचा कायदा नाही म्हणून शिक्षा नाही, असे मात्र अजिबात समजू नका.

मुख्य आधार बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ चा. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली, छळ केला, सोडून दिले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. हेच कृत्य मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने केले, तर सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. आणि त्या क्रूरतेमुळे मुलाला अपंगत्व आले, मानसिक आजार जडला किंवा जिवाला धोका निर्माण झाला, तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षे सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड.

यात "चालकाने" हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारल्याचे सीसीटीव्ही चित्रण समोर आले, तेव्हा पालकांचा राग आयाइतकाच मालकिणीवर होता. सुरुवातीला लावलेली कलमे सौम्य आहेत अशी टीका झाली आणि नंतर खुनाच्या प्रयत्नाचे कलम वाढवले गेले. दिवसभर आठ-दहा बाळे एकट्या बाईवर टाकून निघून जाणारा चालक "मी तिथे नव्हतोच" म्हणून सुटू पाहतो. हेळसांडीचा मुद्दा त्याच्यापर्यंतही पोहोचू शकतो, पण तक्रारीत तो लिहिलेला असायला हवा.

झोपेचे औषध देण्याबद्दल पालक खूप विचारतात. वैद्यकीय सल्ल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ, गुंगीची नियंत्रित औषधे किंवा तंबाखू दिल्यास कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अफूपासून बनलेले कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळीचा तुकडा यात येऊ शकतो. पण प्रत्यक्षात वापरले जाते ते बहुधा सर्दीचे साधे सिरप, ज्याने बाळ पेंगते. ते अमली पदार्थांत मोडत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ पाहावे लागते. इजा व्हावी या हेतूने, किंवा इजा होईल हे माहीत असून, गुंगीकारक वा अपायकारक औषध देणे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. हेतू सिद्ध करणे अवघड असते, हे खरे. तरी एक गोष्ट फिर्यादीत नमूद करण्यासारखी आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या जोडीचे सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. म्हणजे धोका बाटलीवरच लिहिलेला असायला हवा.

निष्काळजीपणाने बाळ दगावले तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. जीव धोक्यात घालणारा बेफिकीरपणा असेल तर कलम १२५. नुसता धोका निर्माण केला तर तीन महिने, दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि तिथे घटना कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या प्रकरणानंतर हे कलम अनेक पालकांना पहिल्यांदा माहीत झाले. कळवण्याचे बंधन आम्हा डॉक्टरांवरही तेवढेच आहे. "कृपया कुठे लिहू नका" अशी विनंती कुटुंबाने केली तरी ती मान्य करता येत नाही.

शिक्षा मोठी, पण पोलीस हलत का नाहीत?

ही गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

गुन्हे दोन प्रकारचे असतात. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस लगेच एफआयआर नोंदवून तपास सुरू करतात. अदखलपात्र गुन्ह्यात फक्त नोंद होते, ज्याला आपण "एनसी" म्हणतो, आणि पुढच्या तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बाल न्याय अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. तिच्यामुळे तीन ते सात वर्षे शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. म्हणजे संस्थेतल्या क्रूरतेचा पाच वर्षांचा गुन्हा आणि बाळाला अमली पदार्थ देण्याचा सात वर्षांचा गुन्हा, हे दोन्ही. दिल्लीसह काही राज्यांच्या बाल हक्क आयोगांनी या बदलाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. मलाही हा बदल चुकीचा वाटतो. ज्या फिर्यादीचे तोंड बांधलेले आहे, तिच्यासाठी आणखी एक दार वाढवण्यात काय हशील?

दुसऱ्या बाजूला पाहा. कलम १२५ चा बेफिकीरपणा, ज्याची शिक्षा काही महिन्यांची, तो दखलपात्र आहे. गंभीर दुखापत करणे दखलपात्र आहे. कलम १२३ ही दखलपात्र आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार एकाच प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला, तरी पूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. म्हणून पोलीस ठाण्यात "मारलं हो" एवढेच सांगितले तर एनसी होऊन परत यावे लागण्याची शक्यता जास्त. फिर्यादीत दुखापतीचे स्वरूप, जिवाला असलेला धोका आणि दिलेले औषध लेखी असेल, तर चित्र बदलते.

इथे डॉक्टरचा कागद कामाला येतो. कायद्याच्या भाषेत हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही "गंभीर दुखापत" आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना राहतील किंवा नेहमीचे व्यवहार करता येणार नाहीत अशी इजाही तीच. बाळाच्या बरगडीतला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही, बाळ फक्त उचलल्यावर रडते. एक्स-रे केला नाही तर ती नोंद कायद्याला मिळतच नाही.

कोणते डाग साधे, कोणते नाहीत

रांगू-चालू लागलेल्या मुलांना गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर लागते. त्यासाठी कोणाला तुरुंगात पाठवू नका. पण चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असला, तर आम्ही बालरोगतज्ज्ञ सावध होतो, कारण सहज पडून या जागी सहसा लागत नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग असला तरी तो तपासलाच पाहिजे. जे बाळ अजून पालथे पडत नाही, ते कठड्यावर आपटेल कसे? गालाचा मधला भाग, पापणी, जबड्याचा कोन आणि ओठाच्या आतला पडदा याही अशाच जागा आहेत.

डोक्याला मार किंवा जोराने गदागदा हलवणे याच्या खुणा बाहेर दिसतीलच असे नाही. पेंग, दूध न घेणे, वारंवार उलट्या, टाळू फुगणे, झटका. पोटाचा त्रास समजून एखाद-दोन दिवस वाया जातात. अशा वेळी डोळ्याचा पडदा तपासणे आणि गरज असेल तर सीटी स्कॅन करणे हा जास्तीचा खर्च नाही.

अर्थात डाग म्हणजे मार असे थेट समीकरण नसते. रक्त गोठण्याचे आजार असतात, जन्मतः कमरेवर निळसर चट्टे असतात आणि भारतीय बाळांत ते फार आढळतात. एका कुटुंबाने अशा चट्ट्यावरून पाळणाघरातल्या मावशींना सोसायटीच्या ग्रुपवर गुन्हेगार ठरवले होते. तो चट्टा जन्माच्या वेळच्या फाइलमध्ये नोंदलेला होता.

त्या संध्याकाळी काय करायचे

आधी बाळ, मग भांडण. थेट पाळणाघरात जाऊन आवाज चढवला की सीसीटीव्ही "बंद होता" असे उत्तर मिळते. बाळाला सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात दाखवा आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करायला सांगा. डागांचे फोटो चांगल्या उजेडात, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून काढा. कपडे धुऊ नका. औषध दिल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना लवकर घ्यावा लागतो, दोन दिवसांनी त्यात काही सापडेलच असे नाही.

चित्रणाची मागणी त्याच दिवशी लेखी करा, व्हॉट्सअॅपवर केली तरी चालेल. बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो. पोलिसांनी एनसीवर थांबवले तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागता येतो.

आणि बाळाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. बळी ठरलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हाच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संतापाच्या भरात ही चूक घरचेच लोक करतात.

प्रवेशाच्या वेळी "अपघातास आम्ही जबाबदार नाही" अशा कागदावर सही केलेली असते. त्या सहीने फौजदारी जबाबदारी संपत नाही. उपचारांचा खर्च आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे, कारण फी घेऊन दिलेली ती सेवा आहे. फीच्या पावत्या जपून ठेवा. रोख देऊन पावती न घेणाऱ्यांची इथे अडचण होते.

परवाना असता तर?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक रोज दिसतो. तिथे मुलांची नर्सरी नोंदणीशिवाय चालवणे हाच गुन्हा आहे. दोन वर्षांखालील दर तीन बाळांमागे एक कर्मचारी असलाच पाहिजे. धोका दिसला तर ऑफस्टेड ही तपासणी संस्था न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता नोंदणी सहा आठवड्यांसाठी स्थगित करू शकते. म्हणजे इजा सिद्ध होण्याआधी दार बंद होते.

तरीही मे २०२२ मध्ये स्टॉकपोर्टजवळच्या एका नोंदणीकृत नर्सरीत नऊ महिन्यांची मुलगी दगावली. तिला पालथे, बांधून, दीड तासाहून अधिक वेळ बीनबॅगवर झोपवले होते. कर्मचारी महिलेला २०२४ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवरियाचे बालगृह उघडकीला आले, त्याची मान्यता आधीच काढून घेतलेली होती आणि मुली तिथेच राहत होत्या. कागद असणे आणि कागद तपासायला माणूस येणे, या दोन गोष्टी आहेत.

कडक परवाना आणला तर चाळीतल्या, वस्तीतल्या काकू, ज्या चार मुले सांभाळतात आणि ज्यांच्या भरवशावर कितीतरी परिचारिका आणि घरकामगार बायका कामावर जातात, त्या बंद पडतील किंवा लपून चालवतील, अशी भीतीही रास्त आहे. मला स्वतःला नाममात्र शुल्काची सक्तीची नोंदणी, बाळांच्या संख्येवर मर्यादा आणि वर्षातून दोनदा न सांगता भेट, एवढ्यापासून सुरुवात व्हावी असे वाटते.

त्या अकरा महिन्यांच्या बाळाचे सीटी आणि डोळ्यांचा पडदा नॉर्मल आला, हाडेही शाबूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आजींच्या मांडीवर बसून खिमट खात होते. मात्र आईने पिशवीतून सर्दीच्या औषधाची एक बाटली काढून दाखवली. ती तिनेच महिन्यापूर्वी पाठवली होती, "नाक वाहिलं तर द्या" असे सांगून. मात्रा लिहिली नव्हती. बाटली जवळजवळ रिकामी होती.

पोलिसांनी एनसी नोंदवली. कानामागच्या डागाचा अहवाल घेऊन बाबा आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करत आहेत. पाळणाघर दुसऱ्या दिवशीही नऊला उघडले आणि बाकीच्या घरांनी आपापली मुले नेऊन सोडली, कारण त्यांना हे कोणी कळवलेच नव्हते.